‘का?’ची चिठ्ठी

सासूबाई सकाळी पहिली तक्रार कशाची करतात, यावर त्या दिवशी लिफ्टमध्ये कोणता शब्द उमटणार हे ठरायचं. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते. पण एकोणीस वर्षं हा शिरस्ता चालला, आणि त्यात एकदाही खाडा पडला नाही, कारण सासूबाईंनी तक्रारीला कधी सुट्टी दिली नाही.

सून म्हणजे आपल्या ताई. लिफ्टचं सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका कंपनीत त्या बिल्डचं काम बघत. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना आधी बिल्ड म्हणजे काय ते सांगायला हवं. दहा-बारा जण आपापल्या टेबलावर बसून प्रोग्रामचे तुकडे लिहितात. ते तुकडे माणसांना वाचता येतात, लिफ्टला नाही. ते सगळे गोळा करायचे, लिफ्टला कळतील असे करायचे आणि सांधून त्यांची एक फाइल बनवायची, हा झाला बिल्ड. त्यासाठी एक बिल्ड टूल असतं. ते हुशार आहे, पण तितकंच अंगचोरही आहे. जो तुकडा बदललेला नाही त्याला ते हात लावत नाही. आणि बदलला की नाही हे ते फक्त वेळ बघून ठरवतं. तुकडा तयार फाइलपेक्षा नवा असेल तर कामाला लागायचं, नाहीतर ढिम्म बसून राहायचं.

ताई काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करून या टूलला कामाला लावत. त्यांचं टेबल खिडकीपासून सगळ्यात लांब, जिन्याच्या दाराला लागून होतं, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारून जायचा, झाला का बिल्ड? ताई मान न वळवता म्हणायच्या, होतोय. ऑफिसातले तरुण त्यांना तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे हेडमास्तरीण. ताईंना दोन्ही नावं ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त आवडत होतं.

शब्दाची भानगड अशी. प्रत्येक बिल्डला अकरा आकड्यांचा नंबर असायचा. लिफ्टच्या डब्याच्या टपावर बसून, तोंडात टॉर्च धरून, बोटभर स्क्रीनवर हा नंबर वाचायचं काम फिटरचं. एकदा मधला एक आकडा चुकला, भलताच बिल्ड एका इमारतीत बसला आणि तीन माणसं दोन मजल्यांच्या मधे दोन तास अडकली. त्यांतल्या एका बाईंना दम्याचा त्रास होता. त्या वाचल्या, पण त्यांना भेटून आलेल्या ताईंना आठवडाभर जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नंबरापुढे एक शब्द टाकायला सुरुवात केली. त्या सकाळी सासूबाईंचा गुडघा दुखत होता, म्हणून पहिला शब्द पडला ‘गुडघा’. मग चष्मा, नळ, शेजारीण, पायपुसणं. फिटर लोकांना हे इतकं पसंत पडलं की टपावरून फोन करून ते नमस्कारसुद्धा न करता विचारायचे, ताई, आज सासूबाईंचं काय? ताई शब्द सांगायच्या, तो स्क्रीनवर दिसला की फिटर दार बंद करून खाली उतरायचा.

आता कंपनीने ठरवलं की या टूलवर एक देखणी स्क्रीन चढवायची. कमांड नको, टाइप करणं नको, बटणं दाबायची. कल्पना वाईट नव्हती आणि ताईंनाही ती वाईट वाटली नाही. वाईट होतं ते आखणीचं प्रकरण. त्यासाठी एक तरतरीत गृहस्थ नेमले गेले. त्यांनी येताच बैठकीच्या खोलीची एक अख्खी भिंत रंगीत चिठ्ठ्यांनी भरून टाकली, म्हणून ते झाले चिठ्ठीवाले. भिंतीवर तीन रकाने होते: ‘आत्ता’, ‘पुढे’ आणि ‘नंतर’. ‘नंतर’मध्ये गेलेली चिठ्ठी परत आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

‘आत्ता’मध्ये काय काय होतं? एक मोठं हिरवं बटण. काम चालू असताना फिरणारं वर्तुळ. पुढच्या आठवड्याचे बिल्ड आधीच लावून ठेवायचं कॅलेंडर. बिल्ड पूर्ण झाला की स्क्रीनभर पडणारे रंगीत कागदाचे कपटे. आणि एक चिठ्ठी अशी होती की टूल ज्या पिवळ्या सूचना देतं त्या लपवाव्यात, त्यांनी वापरणारा घाबरतो. शब्दाचं काय, असं ताईंनी विचारलं. चिठ्ठीवाल्यांनी अदबीने सांगितलं की कंपनीच्या नव्या स्क्रीनवर ‘पायपुसणं’ बरं दिसत नाही.

सगळ्यांची खात्री होती की ताई या स्क्रीनला आडव्या जाणार. ज्या कामावर एकोणीस वर्षं आपली सत्ता चालली ते एका बटणात मावणार म्हटल्यावर कोण गप्प बसेल? ताईंनी काय केलं, तर पेन घेतला आणि एकच चिठ्ठी लिहिली: ‘का?’ मग ती ‘आत्ता’च्या रकान्यात नीट चिकटवली.

म्हणजे काय, असं चिठ्ठीवाल्यांनी विचारल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. प्रत्येक तुकड्याच्या शेजारी एक लहान बटण ठेवा. ते दाबलं की टूलने सांगायचं, हा तुकडा मी पुन्हा का केला, किंवा का नाही केला. टूलला ते सगळं माहीत असतं. टाइप करून विचारलं की ते मुकाट्याने सांगतं, फक्त विचारावं लागतं. चिठ्ठीवाल्यांनी ऐकून घेतलं, हसले आणि म्हणाले, “ताई, वापरणाऱ्याला ‘का’ नको असतं. त्याला ‘झालं’ हवं असतं.” आणि चिठ्ठी उचलून त्यांनी ‘नंतर’मध्ये लावली.

ताईंनी ती जेवणाच्या सुट्टीत परत ‘आत्ता’मध्ये आणली. सकाळी ती पुन्हा ‘नंतर’मध्ये गेलेली होती. असं तीन आठवडे चाललं. चिठ्ठीचा गोंद गेला, तेव्हा ताईंनी टेप लावली. टेप निघाली, तेव्हा त्यांनी टाचणी खुपसली. भिंतीला भोक पडलं म्हणून देखभाल विभागाचं पत्र आलं, ते ताईंनी ड्रॉवरमध्ये टाकलं. एका बाजूला पदव्यांची रांग लावलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला पन्नाशी उलटलेली बाई, आणि दोघं मिळून एक कागदाचा चिटोरा इकडून तिकडे नेत होते. ऑफिसात पैजा लागायच्या तेवढ्या बाकी होत्या.

शेवटी विभागप्रमुखांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. हे गृहस्थ कशालाही ‘होऊन जाईल’ म्हणत, म्हणून त्यांचं नावच ‘होऊनजाईल’ पडलं होतं. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, आखणीचा कागद बुधवारी संचालक बाईंसमोर सह्यांसाठी जायचा आहे, त्यावर बिल्डसाठी तुमच्या सहीचा एक चौकोन आहे, तो रिकामा राहिला तर कागद पुढे जात नाही. तुमचं ‘का’ दुसऱ्या आवृत्तीत होऊन जाईल. मग आवाज खाली आणून ते मुद्द्यावर आले.

“ताई, निवृत्तीला आठ महिने राहिलेत. गोडीगुलाबीने घ्या ना.”

“आठ महिने राहिलेत म्हणूनच गोडीगुलाबी जमणार नाही,” ताई म्हणाल्या. “आज अडलं तर मी टाइप करून विचारते. मी गेल्यावर विचारायचं कुणाला? हिरव्या बटणाला?”

चहा तसाच राहिला. ताई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे कान तापले होते. त्यांना भीती वाटत नव्हती असं नाही. आठ महिन्यांसाठी एखाद्या कोपऱ्यातल्या टेबलावर ‘सल्लागार’ म्हणून बसवून ठेवायला कितीसा वेळ लागतो? पण दम्याच्या त्या बाईंचा चेहरा त्यांनी पाहिला होता, होऊनजाईलांनी पाहिला नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई ब्याऐंशीच्या होत्या आणि कान सोडले तर सगळं दुखत होतं, कान मात्र पक्के होते. शब्द काढून टाकणार हे ऐकून त्या ताठ बसल्या. मग म्हणाल्या, “माझ्या तक्रारी बंद करायला माझा नवरा जन्मभर झटला. त्याला नाही जमलं, हे कोण लागून गेले?”

ताई हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बोट दाखवलं. ताई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा ती खिडकी खिळे ठोकून बंद केलेली होती. अकरा वर्षं सासूबाई धुरात डोळे चोळत स्वयंपाक करत होत्या. नव्या सुनेने आठवड्याभरात विचारलं, ही बंद का? कुणालाच सांगता येईना. सासूबाईंना तेव्हा रागही आला होता, आल्या आल्या का, का करते म्हणून. चौकशीअंती कळलं की आधीच्या भाडेकऱ्यांचं मांजर त्या खिडकीतून पळायचं, म्हणून त्यांनी ती ठोकली होती. “आम्ही या घरात यायच्या आधीच मेलं होतं ते मांजर,” सासूबाई म्हणाल्या. “अकरा वर्षं मी त्याच्यासाठी डोळे जाळले. सही करू नकोस.”

बुधवारी सकाळी सासूबाईंची तक्रार उशीबद्दल होती. ताईंनी नऊ वाजता ‘उशी’ हा शब्द टाकला. त्याच दिवशी एक नवा बदलही बिल्डमध्ये जायचा होता. एका वृद्धाश्रमाने कळवलं होतं की लिफ्टचं दार चार सेकंदांत मिटतं, तेवढ्यात काठीवाल्या माणसांना आत शिरता येत नाही. म्हणून चाराचे सात सेकंद केले होते. हाच बिल्ड नव्या स्क्रीनवरून करून दाखवायचा, असं चिठ्ठीवाल्यांनी ठरवलं होतं.

खोली भरली. संचालक बाई पहिल्या खुर्चीत बसल्या, त्यांच्या शेजारी होऊनजाईल. टेबलावर लिफ्टची एक कंट्रोल पेटी मांडली होती, बोटभर स्क्रीनसकट, आणि दाराच्या जागी टक् करून वाजणारी एक पट्टी. तयार फाइल पेटीत भरण्यासाठी फिटरपैकी एकाला बोलावलं होतं. सगळे त्याला टॉर्च म्हणत. बाहेर लख्ख ऊन असताना आणि खोलीत सहा दिवे असतानाही तो सवयीने टॉर्च घेऊनच आला होता.

चिठ्ठीवाल्यांनी आपल्या लॅपटॉपवर हिरवं बटण दाबलं. वर्तुळ जेमतेम अर्धं फिरलं आणि दोन सेकंदांत ‘पूर्ण’ आलं. रंगीत कपटे पडले. टाळ्या वाजल्या. होऊनजाईल संचालक बाईंकडे वळून म्हणाले, पूर्वी याला सहा-सात मिनिटं लागायची.

ताईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. दार मिटण्याची वेळ बदलली की निदान चाळीस तुकडे पुन्हा करावे लागतात. त्याला दोन सेकंद? लॅपटॉप नवा असेल, वेगवान असेल, असं त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. तेवढ्यात टॉर्चने फाइल पेटीत भरली आणि सह्यांचा कागद फिरत फिरत त्यांच्यासमोर आला. बाकी सगळे चौकोन भरलेले होते. होऊनजाईलांनी स्वतःचा पेन पुढे केला.

ताईंनी पेन घेतला नाही. त्या टॉर्चला म्हणाल्या, “पेटीवर शब्द काय आहे, वाच जरा.”

टॉर्चने टॉर्च लावला, वाकून बघितलं. “चष्मा.”

“नीट वाच.”

“चष्माच आहे, ताई. सोमवारचा.”

चिठ्ठीवाले घाईने म्हणाले की ते नुसतं एक जुनं लेबल आहे, तसंही ते काढायचंच आहे. ताईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी टॉर्चला दार उघडून सोडायला सांगितलं आणि सेकंद मोठ्याने मोजायला लावले. टॉर्च मोजू लागला. एक, दोन, तीन, चार. टक्. पट्टी मिटली. खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की ती सातला मिटायला हवी होती.

ताई उठल्या. परवानगी न विचारता त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला, देखणी स्क्रीन बाजूला सारली, काळी स्क्रीन उघडली आणि एक ओळ टाइप केली. पिवळ्या ओळी धडाधड उतरल्या. ताईंनी चष्मा लावून त्या वाचून दाखवल्या. तयार फाइलवरची वेळ आजपासून पाच दिवस पुढची आहे. घड्याळात घोळ दिसतो. बिल्ड अपुरा असू शकतो. पहिला तुकडा केला नाही, कारण तयार फाइल त्याच्यापेक्षा नवी आहे. दुसरा केला नाही, कारण तेच. चाळीसच्या चाळीस तुकड्यांचं तेच रडगाणं.

“हे टूल मघाशीच ओरडून सांगत होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही त्याच्या तोंडावर कपटे टाकलेत.”

चिठ्ठीवाल्यांचा चेहरा उतरला. त्यांना आठवलं. सोमवारी त्यांना कॅलेंडरच्या चिठ्ठीसाठी चित्र हवं होतं, पुढच्या आठवड्यात बिल्ड लावलेला कसा दिसेल त्याचं. म्हणून त्यांनी लॅपटॉपची तारीख सात दिवस पुढे केली, एक बिल्ड केला, स्क्रीनचं चित्र काढलं आणि तारीख परत मागे आणली. फाइलवर मात्र पुढच्या सोमवारची वेळ बसली. तेव्हापासून टूलच्या हिशेबी आजचं सगळंच जुनं होतं, म्हणून ते ढिम्म बसलं. गृहस्थ प्रामाणिक होते, त्यांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं. ताईंना त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं.

होऊनजाईल खाकरले. म्हणाले, ही तर तारखेची किरकोळ चूक, पुन्हा होणार नाही. ‘का’ आपण दुसऱ्या आवृत्तीत घेऊ, आज सही होऊन जाऊ दे. संचालक बाईंनी त्यांना हाताने थांबवलं आणि ताईंना विचारलं, “तुमचं म्हणणं काय? बटण नकोच का?”

 ताईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

“बटण हवं. मोठं हवं. पण आज आपण दहा जण टाळ्या वाजवत होतो आणि आत काय गेलंय ते एकालाही माहीत नव्हतं. मला पण नाही. टॉर्चने शब्द वाचला म्हणून कळलं. तो शब्द तुम्ही काढताय, पिवळ्या ओळी झाकताय, आणि ‘का’ विचारायची सोय नंतर बघू म्हणताय. मग मी सही कशावर करू? हाच बिल्ड उद्या वृद्धाश्रमात गेला असता. दार चारलाच मिटलं असतं, आणि इथे सगळं हिरवं दिसलं असतं. काठी टेकत आत शिरणाऱ्याने कुणाला विचारायचं?”

ताई भिंतीपाशी गेल्या. ‘नंतर’मधली चिठ्ठी टाचणीसकट उपटली आणि ‘आत्ता’च्या रकान्यात, हिरव्या बटणाच्या चिठ्ठीच्याही वर, अंगठ्याने दाबून रोवली. भिंतीला आणखी एक भोक पडलं. “ही इथे राहील तेव्हा सही करीन,” एवढं बोलून त्या आपल्या टेबलाशी गेल्या आणि ‘उशी’चा बिल्ड हाताने केला. त्याला सहा मिनिटं चाळीस सेकंद लागली.

चौकोन रिकामा राहिला तो नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत होऊनजाईलांनी ताईंकडे पाहून मान डोलावणं बंद केलं आणि सल्लागाराच्या टेबलाची कुजबुजही झाली. ताई रोज वेळेवर आल्या, शब्द टाकला, बिल्ड केला आणि भिंतीकडे एक नजर टाकून घरी गेल्या. चिठ्ठी हलली नाही. दहाव्या दिवशी नवा कागद आला. पहिल्या ओळीत ‘का?’ होतं, दुसरीत ‘सूचना झाकू नयेत’ आणि तिसरीत, चिठ्ठीवाल्यांच्या अक्षरात, ‘रोजचा शब्द’. ताईंनी तो दोनदा वाचला, मग स्वतःच्या पेनाने सही केली.

आठ महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या मुलीला त्यांनी शेवटच्या दिवशी काहीच शिकवलं नाही, नुसत्या शेजारी बसून राहिल्या. बिल्ड मधेच अडला. मुलीने ताईंकडे न बघता ‘का?’ दाबलं, वाचलं, एक तुकडा दुरुस्त केला आणि पुन्हा हिरवं बटण दाबलं. ताईंना थोडं लागलं, आणि त्याच वेळी खूप बरंही वाटलं. आपल्याला कुणी काही विचारलं नाही याचं त्यांना एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच समाधान वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला घरचा फोन वाजला. ताई अंथरुणातच होत्या, त्यामुळे सासूबाईंनी घेतला. पलीकडे ती नवी मुलगी होती. तिने भीत भीत विचारलं, आजी, आजचा शब्द काय?

“पाठ,” सासूबाई म्हणाल्या. मुलगी आभार मानून फोन ठेवणार, तेवढ्यात त्यांनी तिला दरडावलं.

“थांब. नुसता शब्द घेऊन पळू नकोस. का ते विचार आधी.”